करुराच्या कुंपणाआड : नैरोबीच्या शहरी जंगलांतील सस्तन प्राणी

सोमवार : सिटी पार्क

नैरोबीत प्राणी पाहायला जायचे म्हटले, की राष्ट्रीय उद्यान आणि छत उघडणारी सफारीची गाडी एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. शहराच्या दक्षिण सीमेला भिडलेले ते 1946 सालचे उद्यान अपूर्वच आहे, याबद्दल दुमत नाही. पण मोकळ्या माळावर उभा असलेला जिराफ ओळखायला पाहणाऱ्याच्या अंगी काही विशेष कसब लागत नाही. मला पाहायची होती ती याच शहराच्या वस्तीत शिल्लक राहिलेली जंगले, जिथे पायी फिरता येते, झाडी दाट असते आणि प्राणी बहुधा अर्धाच दिसतो, तोही पाठमोरा. अशा ठिकाणी शेपटी, चाल, आवाज आणि लेंड्या यांवरून नाव ठरवावे लागते, आणि खरी गंमत त्यातच आहे.

माझे मावसभाऊ, म्हणजे आमचे दादा, गेली अनेक वर्षे पार्कलँड्स भागात राहतात. भारतीय वंशाच्या कुटुंबांची ही जुनी वस्ती असून तिच्या शेजारीच सिटी पार्क आहे. सुमारे 60 हेक्टरांच्या या उद्यानात फुलझाडांचे वाफे आणि हिरवळ आहेच, परंतु त्याच्या मोठ्या भागात नैरोबीचे मूळचे जंगल अजून टिकून आहे. शहर वसण्यापूर्वी या टेकड्यांवर कशी झाडी असेल, याची कल्पना तिथे गेल्यावर येते.

फाटकातून आत शिरताच साइक्स माकडांची टोळी समोर आली. राखट काळसर अंग, पाठीवर तांबूस झाक, काळे हातपाय आणि गळ्याभोवती पांढऱ्या लोकरीची रुंद पट्टी, एवढ्या खुणा पाहिल्या की शंका उरत नाही. केनियाच्या मध्य उंचवट्यावरील साइक्स माकडांमध्ये ही पांढरी पट्टी विशेष ठळक असते. स्वाहिलीत या माकडाला ‘किमा’ म्हणतात. गालांत त्यांच्या थैल्या असतात. मिळेल ते फळ घाईने त्यांत कोंबायचे आणि सुरक्षित फांदीवर जाऊन सावकाश चावायचे, ही सवय आपल्याकडच्या लालतोंड्या माकडांत आणि टोपी माकडांतही दिसते, कारण ती सारी एकाच उपकुळातील आहेत.

उद्यानाच्या रस्त्याकडील कडेला, जिथे झाडी विरळ होते, तिथे व्हर्वेट माकडे होती. त्यांचा चेहरा काळा, त्याभोवती पांढरी झालर, अंग फिकट हिरवट करडे आणि नराचे वृषण चक्क निळे. या दोन जाती एका शहरात राहत असल्या, तरी त्यांच्या जागा बऱ्याच अंशी ठरलेल्या आहेत: साइक्स दाट छतात, व्हर्वेट कडेच्या उघड्या जागेत. दूरवरून माकड दिसले आणि चेहरा दिसला नाही, तर ते कुठे बसले आहे यावरूनच अर्धे उत्तर मिळते. अर्थात सिटी पार्कात हा नियम लोकांनी मोडून काढला आहे. शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन येणाऱ्यांमुळे साइक्स माकडे जमिनीवर उतरतात, पँटचे खिसे चाचपतात आणि पिशव्या ओढतात. एका बाईंनी पुडी फाडली तेव्हा एक माकडीण इतक्या सरावाने त्यांच्या हातावर येऊन बसली, की मला आपल्या घाटांतल्या वळणांवर गाड्या थांबवून केळी टाकणारे लोक आठवले. हे पुण्य नव्हे. हातून खाणारे माकड पुढे चावते आणि मग त्याच माकडाविरुद्ध तक्रारी होतात.

वहिनींनी परतताना उद्यानातील दफनभूमी दाखवली. केनियाच्या स्वातंत्र्यासाठी लढलेले आणि 24 फेब्रुवारी 1965 रोजी नैरोबीत गोळ्या घालून मारले गेलेले पियो गामा पिंटो येथे विसावले आहेत. ते मूळ गोव्याच्या कुटुंबातले. त्यांचे मित्र आणि केनियाचे उपराष्ट्रपती झालेले जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोव्याचे, तर आई मसाई. आपल्याला पिंटोंच्या जवळच पुरावे अशी त्यांची इच्छा होती आणि ती सिटी पार्कात पुरी झाली. तिथल्या झाडांवरही साइक्स माकडे होतीच.

मंगळवार : करुरा, लिमुरु रोडचे फाटक

करुरा हे या प्रवासाचे मुख्य कारण. नैरोबीच्या उत्तरेस सुमारे 1,041 हेक्टरांवर पसरलेले हे जंगल म्हणजे आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा साधारण दहावा भाग; पण त्याच्या चारही बाजूंनी बंगले, वकिलाती, संयुक्त राष्ट्रांची कार्यालये आणि वाहता रस्ता आहे. 1932 मध्ये ते राखीव जंगल म्हणून घोषित झाले. पुढे 1990 च्या दशकात त्यातील जमिनीचे तुकडे खासगी बांधकामांसाठी वाटले गेल्याचे उघडकीस आले. जानेवारी 1999 मध्ये वांगारी माथाई आणि त्यांचे सहकारी तेथे झाडे लावायला गेले असता त्यांच्यावर हल्ला झाला. माथाई जखमी झाल्या, पण त्यातून जो गदारोळ उठला त्याने जंगल वाचले. माथाईंना 2004 मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. आज केनियाची वनसेवा आणि ‘फ्रेंड्स ऑफ करुरा’ ही स्थानिक संस्था मिळून जंगलाची व्यवस्था पाहतात. सभोवार विजेचे कुंपण आहे आणि प्रत्येक वाटेच्या चौकात क्रमांकाचा खांब आहे, ही फार मोठी सोय. कोणता प्राणी कुठे दिसला हे त्या क्रमांकासह टिपता येते.

सकाळी सहाला फाटक उघडते. जुलै हा येथला थंड आणि ढगाळ महिना आणि शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटर उंचीवर, त्यामुळे उन्हाळी आफ्रिकेच्या कल्पनेने फक्त सुती कपडे आणणाऱ्याची चांगलीच फजिती होते. दादांनी निघताना बजावले होते, “अगं, स्वेटर असू दे, इथे दहा वाजेपर्यंत ऊन विसर.” तसेच झाले. उजाडतानाच्या धूसर प्रकाशात आम्ही स्काऊटबरोबर आत गेलो. संस्थेचे हे गृहस्थ याच परिसरातले असून अनेक वर्षे हिरव्या गणवेशात हे जंगल तुडवत आहेत. त्यांनी पहिली सूचना दिली ती चालण्याबद्दल. दहा-बारा पावले चालायचे, थांबायचे, मग पुन्हा चालायचे. कारण लहान कुरंग चालत्या माणसापासून पळत नाहीत, जागच्या जागी गोठतात, आणि माणूस थांबला की अस्वस्थ होऊन हलतात. हलले की दिसतात.

येथे एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. सहाराच्या दक्षिणेस आफ्रिकेत मूळचे एकही सांबर, चितळ किंवा भेकर नाही. दरवर्षी गळून पुन्हा उगवणारी फांद्यांची शिंगे ज्यांना असतात ते सारंग कुळ या भूभागात पोचलेच नाही. येथे आहेत ते सारे कुरंग, म्हणजे आपल्या काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय यांच्या गटातले, ज्यांची शिंगे पोकळ आणि कायमची असतात. महाराष्ट्रातून येणाऱ्याने करुरात पाऊल ठेवताना मनातून भेकर काढून टाकावे, मग पुढचे सोपे जाते.

पहिला प्राणी दिसला तो सुनी, एक इवलासा कुरंग. एका वळणावर स्काऊट थांबले आणि त्यांनी हनुवटीने उजवीकडे दाखवले. मला फक्त वाळलेली पाने दिसत होती. मग पानांतले एक पान डावी-उजवीकडे फडफडले आणि ते शेपूट असल्याचे कळले. खांद्याशी जेमतेम 35 सेंटिमीटर उंच, वजन चार-पाच किलो, तांबूस तपकिरी अंगावर बारीक ठिपक्यांची खडबडीत छटा आणि पोट पांढरे. कान मोठे आणि इतके पातळ, की मागून प्रकाश आला तेव्हा ते गुलाबी दिसले. डोळ्यांपुढे काळी खाच होती, ती गंधग्रंथी. शिंगे नव्हती, म्हणजे मादी, कारण सुनीमध्ये शिंगे फक्त नराला असतात, आणि तीही सरळ, वळे असलेली, मागे झुकलेली. सुनीची शेपूट पाहून घ्यावी असे मी प्रत्येकाला सांगेन. ती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हलते, वरखाली नव्हे, आणि झाडीत बाकी काही न दिसता फक्त तेवढेच दिसले तरी नाव पक्के होते.

स्काऊटनी हळूच सांगितले, “पा.” स्वाहिलीत लहान कुरंगांना हे नाव आहे. सुनी दोन पावले पुढे गेली, खाली पडलेले एक पिवळे पान उचलून चघळू लागली आणि मग एकदम झुडपात शिरली. तिच्या वर, क्रोटनच्या उंच फांद्यांत, साइक्स माकडे होती आणि त्यांच्या हातून पाने, कोवळ्या डहाळ्या, अर्धवट खाल्लेली फळे सतत खाली पडत होती. हा योगायोग नव्हता. आपल्याकडे वानरांखाली चितळ उभे असतात ते ज्या कारणाने, त्याच कारणाने सुनी आणि डुयकर हा दुसरा लहान कुरंग येथल्या माकडांखाली वावरतात. त्यानंतर मी पद्धतच बदलली. जमिनीवरचा प्राणी शोधायचा तर आधी वर माकडे शोधायची.

आणि ती पद्धत तासाभरात फळाला आली. पुढच्या उतारावर, नाल्याजवळ, मुगुमोच्या वडासारख्या जुन्या झाडाखाली हार्वेचा डुयकर उभा होता. मुगुमो हे किकुयू लोकांचे पवित्र झाड, अंजिराच्या कुळातले. ते फळले की खालची जमीन पाखरा-प्राण्यांनी गजबजते. डुयकर सुनीपेक्षा उंच, वजन बारा-पंधरा किलो, अंग विटकरी तांबडे, पाठीचा कणा किंचित वाकलेला आणि मान खाली, जणू कुठल्याही क्षणी झुडपात बुडी मारायची तयारी. कपाळापासून नाकापर्यंत काळा पट्टा आणि शिंगांमध्ये केसांचा झुपका. यात नरमादी दोघांनाही शिंगे असतात, म्हणून शिंगांवरून लिंग ठरवता येत नाही. सुनी आणि डुयकर यांचा घोळ होण्याचे कारण दूरून रंग, आणि तो कापऱ्या प्रकाशात फसवा ठरतो. उंचीही फसवते, कारण झुडपाची उंची आपल्याला माहीत नसते. काळा पट्टा दिसला तर डुयकर, ठिपक्यांची छटा आणि आडवी हलणारी शेपूट दिसली तर सुनी, असा क्रम मी वहीत लिहून घेतला.

धावणारे आणि सायकलवाले साडेसातच्या सुमारास येऊ लागले आणि वाटेपासून वीस-तीस मीटरपर्यंतचे जंगल रिकामे झाले. पण प्राणी दूर गेले नव्हते. स्काऊटनी एका वेळी दोन सायकली जाईपर्यंत आम्हाला थांबवले आणि त्या वळणाआड गेल्या तशी एक सुनी निवांतपणे वाट ओलांडून गेली. शहरी जंगलाचे प्राणी घड्याळ पाहत नाहीत हे खरे, पण फाटक कधी उघडते आणि कुत्री कधी येतात याचा त्यांना चांगला अंदाज आहे, असे मानायला जागा आहे.

बुधवार : भुरभुर

पहाटेपासून पावसाची भुरभुर होती आणि वहिनी म्हणाल्या, “आज कोण दिसणार आहे?” दिसले कोणीच नाही, पण दिवस वाया गेला नाही. ओल्या मातीत खुणा उठतात.

किआंबू रोडच्या बाजूने आत गेल्यावर एका वाटेशेजारची जमीन कुदळीने खणल्यासारखी उलटलेली होती. मुळे वर आलेली, माती ताजी, काळी. हे रानडुकराचे, म्हणजे बुशपिगचे काम. हा प्राणी रात्री फिरतो आणि दिवसा दाट झाडीत दडून बसतो, म्हणून करुरात नेहमी येणाऱ्यांपैकी अनेकांनी त्याला पाहिलेलेही नसते. थोडे पुढे, पायवाटेच्या मधोमध साळिंदराचा काटा मिळाला: पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा, टोकाशी थोडा घासलेला. मी तो फोटो काढून तिथेच ठेवला, कारण जंगलातून काही उचलून नेण्याची परवानगी नाही.

सगळ्यांत बोलकी होती ती लेंड्यांची रास. सुनी आपल्या हद्दीच्या ठरलेल्या जागी पुन्हापुन्हा लेंड्या टाकते. एका वठलेल्या खोडाशी जुन्या राखी आणि नव्या चकचकीत काळ्या, उडदाएवढ्या लेंड्यांचा ढीग होता, म्हणजे ती जागा बरेच दिवस चालू आहे. अशा ढिगापासून थोडे अंतर ठेवून सकाळी लवकर बसले, तर मालक येतोच, असे स्काऊटनी सांगितले. मोठ्या प्राण्याच्या पाऊलखुणा मात्र पावसाने पसरट होतात. बुधवारच्या मातीत बुशबक या मोठ्या कुरंगाचा खूर आणि मोठ्या डुयकराचा खूर यांतला फरक सांगणारा कोणी भेटला असता, तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

निलगिरी आणि सायप्रसच्या जुन्या लागवडीत शिरलो तेव्हा या खुणा जवळजवळ थांबल्या. वर माकडे नाहीत, खाली कोवळी पालवी नाही. लागवड काढून तिथे देशी झाडे लावण्याचे काम करुरात वर्षानुवर्षे चालू आहे, आणि त्याची गरज का आहे, हे या दोन शेजारच्या तुकड्यांत चालून पाहणाऱ्याला वेगळे समजवावे लागत नाही.

गुरुवार : काळेपांढरे कोलोबस

पाऊस थांबला होता. सूर्य उगवण्याच्या आधी, अजून झाडांचे आकारच तेवढे दिसत असताना, दरीतून घोगरा, लांबलेला घरघराट आला; तो थांबला तोच पलीकडच्या उतारावरून उत्तर आले. हा काळ्यापांढऱ्या कोलोबसचा पहाटेचा आवाज. एका टोळीतला नर सुरुवात करतो आणि आसपासच्या टोळ्यांतले नर आपापल्या जागेवरून ओरडतात, म्हणून पहाटे कुठल्या दिशेला किती टोळ्या आहेत हे कानांनीच मोजता येते.

या माकडांची करुरातली गोष्ट वेगळी आहे. एके काळी नैरोबीच्या आसपास असलेली ही जात शहराच्या जंगलांतून नाहीशी झाली होती. आबरडेअर पर्वतरांगेच्या पायथ्याशी किपिपिरी भागात शेतांच्या कडेला उरलेल्या झाडांत काही टोळ्या अडकून पडल्या होत्या. जंगल तुटत गेले, तसे त्यांचे शेतकऱ्यांशी भांडणही वाढत गेले. 2014 पासून या टोळ्या पकडून करुरात आणण्यास सुरुवात झाली आणि पुढच्या काही वर्षांत शंभराहून अधिक माकडे आली. एकेक माकड न आणता टोळी शक्यतो एकत्र आणण्यावर भर होता, कारण ओळखीची टोळी फुटली तर नव्या जागी ती टिकणे अवघड. माणसाने आणून सोडलेल्या प्राण्याला ‘वन्य’ म्हणावे का, असा प्रश्न दादांनी मला गाडीत विचारला होता. मला तो फारसा अडचणीचा वाटत नाही. पिलांच्या पिढ्या येथे जन्मल्या आहेत, त्या येथल्याच झाडांची पाने खातात, आणि त्यांना कोणी खायला घालत नाही.

प्रकाश वाढल्यावर ती दिसली. ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. अंग काळे कुळकुळीत, खांद्यापासून कंबरेपर्यंत दोन्ही बाजूंनी खाली लोंबणारी पांढऱ्या लांब केसांची झूल, चेहऱ्याभोवती पांढरा घेर आणि शेपटीच्या टोकाला पांढरा झुपका. याच केसाळ कातड्यासाठी एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या फॅशनने यांचा मोठा संहार केला. स्वाहिलीत यांना ‘म्बेगा’ म्हणतात. एका फांदीवरून दुसरीकडे झेप घेताना झूल वाऱ्याने वर उचलली जाते आणि क्षणभर प्राणी आपल्या आकाराच्या दुप्पट दिसतो.

दुर्बिणीतून मी हात पाहत होते. कोलोबसला अंगठा जवळजवळ नसतोच. चार लांब बोटांचा आकडा करून ते फांदीला लटकते. पुढे एका मादीच्या छातीशी पिलू दिसले आणि ते संपूर्ण पांढरे होते, चेहराही गुलाबी. जन्मल्यावर काही महिने ही पिले पांढरीच असतात आणि मग हळूहळू काळी होतात. टोळीतल्या इतर माद्या हे पांढरे पिलू आळीपाळीने घेत होत्या; आई शेजारी बसून पाने ओरबाडत होती. एवढ्या ठळक रंगाचे पिलू टोळीतल्या सर्वांच्या नजरेत राहावे हाच त्याचा उपयोग असावा, असे म्हणतात, आणि तासभर पाहिल्यावर ते पटते.

कोलोबस आणि आपले वानर जवळचे नातलग आहेत, ही गोष्ट भारतातून येणाऱ्याने मुद्दाम पाहावी. साइक्स माकड गालांत फळे भरते. कोलोबसला गालाच्या थैल्या नाहीत, पण पोटाचे अनेक कप्पे असतात आणि त्यांतले जंतू पानांतला चोथा आंबवून पचवतात. आपल्या वानराचेही पोट असेच. म्हणून दोघेही एकदा भरपेट पाने खाल्ली, की तासन्‌तास स्वस्थ बसतात. त्यांचा बसण्याचा ढंग, पाय लोंबकळत ठेवून पोट पुढे काढणे, हे पाहताना मला वेरूळच्या लेण्यांवरच्या वानरांची सारखी आठवण येत होती, आणि ही आठवण नुसती भासमान नसून शरीररचनेतून आलेली आहे.

त्याच सकाळी साइक्स माकडांच्या नराचा आवाज ऐकला. या जातीच्या जवळच्या नातेवाइकांवर, युगांडातल्या बुडोंगोच्या निळ्या माकडांवर झालेल्या अभ्यासातून नराच्या दोन मोठ्या हाका वेगळ्या केल्या आहेत: ‘प्याव’ ही खणखणीत हाक अनेक कारणांनी दिली जाते आणि ‘हॅक’ ही आखूड, कोरडी हाक मुख्यतः गरुडासाठी असते. आम्ही ऐकली ती ‘प्याव’, आणि त्यानंतर टोळीतले कोणी फारसे हलले नाही. करुरात मुकुटधारी गरुड आहेत आणि माकडांचे पिलू किंवा सुनी हे त्यांचे भक्ष्य. म्हणून आवाज झाला की आधी आकाश आणि मग झुडूप पाहायचे, हे आता अंगवळणी पडले.

शुक्रवार : आर्बोरेटम, मग रात्रीचे मुथाइगा

सकाळ आर्बोरेटममध्ये घालवली. 1907 मध्ये वेगवेगळ्या झाडांची वाढ तपासण्यासाठी सुरू झालेल्या या सुमारे 30 हेक्टरांच्या बागेत शंभराहून अधिक वर्षांची झाडे आहेत, आणि साइक्स व व्हर्वेट दोन्ही एकाच हिरवळीवर दिसतात. पाहणाऱ्यांना दोघांतला फरक शिकायचा असेल तर ही उत्तम जागा, पण मला तिथे नवे असे काही नव्हते.

रात्र मात्र वेगळी. दादांच्या कचेरीतील एका सहकाऱ्याचे घर मुथाइगात करुराच्या कुंपणाला लागून आहे आणि त्यांनी जेवायला बोलावले होते. जंगल संध्याकाळी बंद होते, म्हणून निशाचर प्राणी पाहायचे तर असे कडेचे घर किंवा शेजारचा रस्ता एवढाच मार्ग उरतो. अंधार पडताच पहिल्यांदा वटवाघळे आली. अंजिराच्या झाडात घंटीसारखी, ठरावीक अंतराने ‘पिंग’ अशी हाक ऐकू येऊ लागली. ही खांद्यावर पांढरे झुपके असलेल्या फळखाऊ वटवाघळाची हाक; नर लटकून ते झुपके उघडझाप करतो आणि मादीला बोलावतो. टॉर्चच्या बाजूच्या प्रकाशात कानाच्या बुडाशी असलेले लहान पांढरे ठिपकेही दिसले.

नऊच्या पुढे, वळणावरच्या सिल्व्हर ओकच्या शेंड्याकडून बालकाच्या रडण्यासारखी मोठी, खाली उतरत जाणारी हाक आली. पहारेकरी, ज्याला सगळे अस्कारी म्हणतात, हसून म्हणाला, “कोंबा.” हा मोठा गलागो, लहान कानांचा प्रकार, ज्याची एक उपजात या किकुयू उंचवट्यावरच आढळते. टॉर्चवर लाल कागद लावून पाहिले तेव्हा आधी दोन नारिंगी निखारे चमकले, मग राखी-तपकिरी अंग, जाड झुपकेदार शेपूट आणि शेवटी मांजराएवढा प्राणी. तो डिंक, फळे आणि किडे खातो. आपल्या सावंतवाडीकडच्या लाजवंतीचा हा दूरचा भाऊबंद. फरक चालण्यात: लाजवंती मुंगीच्या पावलाने सरकते, गलागो फांदीवरून फांदीवर नेमक्या उड्या मारतो. घरमालकांनी त्याला केळी ठेवत असल्याचे सांगितले. मी काही बोलले नाही, पण सोमवारची शेंगदाण्याची पुडी डोळ्यांपुढे आली.

निघताना कंपाउंडच्या भिंतीवरून काहीतरी लांब आणि सडपातळ गेले. पाय आखूड, अंगावर काळे ठिपके रांगेत, शेपूट अंगाइतकी लांब आणि काळ्या वलयांची. जेनेट, स्वाहिलीत ‘कानू’, आपल्या उदमांजराच्या कुळातला. वहिनींनी फोनने झटकन फोटो काढला.

शनिवार : सिगिरिया

सुट्टीच्या दिवशी मुख्य करुरात कुटुंबे, कुत्री आणि सहलीचे डबे घेऊन आलेली गर्दी असते, म्हणून आम्ही रस्त्याने तुटलेल्या सिगिरिया भागाकडे गेलो. तिथे शिरल्यावर अगदी जवळून कुत्रा भुंकल्यासारखा खरखरीत आवाज आला. कुत्रा नव्हता. बुशबक नर दाट झुडपातून आम्हाला पाहत होता आणि धोक्याचा इशारा देत होता. सह्याद्रीत भेकराचा असाच आवाज ऐकलेल्याला या ठिकाणी क्षणभर घरी आल्यासारखे वाटते, पण प्राणी वेगळ्या कुळातला. दुर्बिणीत तो नीट आला: गडद तपकिरी, गळ्यावर दोन पांढरे पट्टे, मांडीवर पांढरे ठिपके, आणि एका पिळाची मोठी शिंगे. मादी लालसर आणि बिनशिंगांची असते. पळताना शेपटीचा खालचा पांढरा भाग वर उठतो. तो वळला आणि पांढरी शेपूट उंचावून झुडपात गेला, आणि त्यामुळे उरलेसुरले काम पूर्ण झाले.

परतताना मुंगूस दिसले, सडपातळ मुंगूस, तांबूस करडे. ते धावताना शेपूट उंच उभारते आणि तिचे टोक काळे असते. आपल्याकडे वाड्या-वस्त्यांत दिसणाऱ्या करड्या मुंगसाला काळे टोक नसते, मात्र लाल मुंगसाला असते आणि तेही शेपूट तशीच वर वळवते. म्हणून केवळ काळ्या टोकावर न थांबता मी आकार आणि अंगावरचे केसही नोंदले.

संध्याकाळी दादांच्या दिवाणखान्यात आम्ही आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी चढवत बसलो. सुनी, हार्वेचा डुयकर, साइक्स, कोलोबस, बुशबक या नोंदींना इतर अभ्यासकांनी पटापट दुजोरा दिला. जेनेटवर दादा आणि मी बराच वेळ घातला. “ठिपके दिसतायत की स्पष्ट, मग हा मोठ्या ठिपक्यांचाच ना?” त्यांचा प्रश्न रास्त होता. पण लहान ठिपक्यांच्या सामान्य जेनेटच्या पाठीवर कण्याच्या ओळीने केसांचा उभा तुरा असतो आणि शेपटीचे टोक पांढरे असते, तर मोठ्या ठिपक्यांच्या जातीत तुरा नसतो आणि टोक काळे असते. आमच्या फोटोत कंदिलाच्या प्रकाशाने पाठ पांढुरकी झाली होती आणि शेपटीचे टोक भिंतीपलीकडे गेले होते. ठिपके किती मोठे हे मापायला जवळ मोजमापाची वस्तू नव्हती. त्यामुळे प्रजाती न लिहिता फक्त ‘जेनेट’ एवढीच नोंद केली, जागा ‘मुथाइगा, करुराचे कुंपण’ अशी लिहिली, आणि पुढच्या वेळी भिंतीवर प्रकाश कसा टाकावा हे वहिनींनी अस्कारीला विचारून ठेवायचे ठरले.